मला दिसतं ते तुम्हाला का नाही दिसत? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्र नगर भागात आमचं चष्म्याचं छोटं दुकान आहे, नंबर मी काढते. लोक येतात चष्म्यासाठी आणि फ्रेम निवडेपर्यंत घरचं, सोसायटीचं, व्याह्यांचं सगळं सांगून मोकळे होतात, त्यामुळे खालचे प्रश्न अर्धे डोळ्यांचे आहेत आणि अर्धे माणसांचे. वेगळे करत बसले नाही कारण विचारणारे पण वेगळे करत नाहीत.

अहो मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, मग ते चुकीचं कसं असेल?

असू शकतं. आत्ता बसल्या जागी करून बघा. कोऱ्या कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे साधारण 8 सेंटीमीटरवर एक ठळक टिंब द्या. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा (टिंबाकडे चोरून बघायचं नाही, सगळे बघतात) आणि कागद लांबून हळूहळू जवळ आणा. 30 सेंटीमीटरच्या आसपास टिंब गायब होतं. डोळ्याच्या पडद्यावर जिथून नस मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एदम मारिओत नावाच्या एका फ्रेंच माणसाने हे 1660च्या दशकात शोधलं, म्हणजे तोपर्यंत राजे, ऋषी, न्यायाधीश सगळेच प्रत्येक डोळ्यात एक भोक घेऊन फिरत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

आता टिंब गेलं तिथे काय दिसलं ते आठवा. काळं भोक दिसलं का? नाही, कोरा कागद दिसला. मेंदूने आजूबाजूचं बघून पांढरं भरून टाकलं आणि तुम्हाला विचारलं पण नाही. हा झाला एक भाग, दुसरा असा की हात लांब करून अंगठा धरलात तर नखाएवढाच तुकडा आपल्याला खरोखर बारीक दिसतो, बाकी सगळं पुसट. डोळा सेकंदाला दोन-तीनदा उड्या मारत राहतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अख्खं चित्र एकदम दिसतंय असं वाटायला लावतो. म्हणून "मी बघितलंय" हे खरंच असतं, फक्त त्यातलं किती डोळ्याने बघितलं आणि किती मेंदूने भरलं हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.

बाहेर "कॉम्प्युटरवर तपासणी" असा बोर्ड आहे, मग मशीनने नंबर काढल्यावर परत काचा बदलून "हे बरं की ते बरं" कशाला विचारता?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा, आणि विचारताना लोकांचा चेहरा असा असतो की हिला काम येत नाही म्हणून आम्हाला विचारून राहिलीये.

मशीन तुमच्या डोळ्यात प्रकाश टाकतं, तो परत येताना कसा वळला ते मोजतं आणि एक आकडा देतं. चांगला आकडा असतो, सुरुवात तिथूनच करायची. पण मशीनमध्ये बघताना पोरं नकळत डोळ्याला जोर देतात आणि मायनस नंबर जास्त दाखवला जातो, म्हणून तर लहान मुलांना थेंब घालून तपासतात. आणि समजा आकडा अगदी बरोबर आला तरी तो चष्मा तुम्हाला चालेल का हे मशीनला माहीत नसतं. सिलिंडरचा (म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागतो तो) पूर्ण नंबर दिला की काहींना पहिले काही दिवस फरशी एका बाजूला उतरल्यासारखी वाटते, दार वाकडं दिसतं, जिना उतरताना पाय चाचपडतो. बहुतेकांचा मेंदू आठवड्या-दोन आठवड्यांत जुळवून घेतो, काहींचा नाही घेत, मग नंबर थोडा कमी करून द्यावा लागतो. जॉर्ज स्ट्रॅटन म्हणून एक अमेरिकन होता, त्याने 1890च्या दशकात जग उलटं दाखवणारं भिंग लावून दिवस काढले, तेव्हा काही दिवसांनी त्याला त्यात वावरता यायला लागलं, एवढी मेंदूची तयारी असते. पण ती कोणाची किती आहे हे बाहेरून दिसत नाही.

थोडक्यात माझ्याकडे काचा बदलून बघायची ट्रायल फ्रेम आहे, लेन्सचा डबा आहे, लाल-हिरव्या चौकटीतली अक्षरं आहेत, पण तुमच्या डोळ्यामागे जाऊन बसायची सोय नाही. म्हणून विचारते.

रंग तरी सगळ्यांना सारखेच दिसतात ना?

नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, बायकांत हेच प्रमाण 200 मागे एक. जी जीन्स यात असतात ती एक्स गुणसूत्रावर आहेत, म्हणून आपल्याकडे हे बऱ्याचदा मामाकडून भाच्याकडे आल्यासारखं दिसतं, मधली आई स्वतः सगळे रंग बघत असते.

शाळेत डाल्टनचा अणुसिद्धांत शिकलो ना, तोच डाल्टन. त्याला आणि त्याच्या भावाला रंग वेगळे दिसायचे आणि त्याने 1794 साली त्यावर निबंध वाचला. त्याचं म्हणणं होतं की माझ्या डोळ्यातला द्रवच निळा असणार, तो लाल रंग गाळून टाकतो. मी मेल्यावर डोळा उघडून बघा असं सांगून ठेवलं. 1844 ला गेला, डोळा उघडला, द्रव स्वच्छ पाण्यासारखा. पुढे 1995 मध्ये जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातून डीएनए काढला तेव्हा कळलं की हिरव्या रंगाची जाणीव देणारं जीनच नव्हतं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, स्वतःच्याच डोळ्याबद्दल प्रामाणिकपणे विचार करून चुकीच्या कारणावर पोचला. मला हा किस्सा फार आवडतो. आपल्याला वेगळं का दिसतं याचं कारणही आतून दिसत नाही.

ज्यांची नजर अगदी नॉर्मल आहे तेही भांडतातच. 2015 चा तो ड्रेसचा फोटो आठवतोय का, कोणाला पांढरा-सोनेरी, कोणाला निळा-काळा? ड्रेस खरा निळा-काळाच होता. फोटोत उजेड कसला आहे याचा अंदाज ज्याच्या मेंदूने जसा लावला तसा त्याला रंग दिसला. आमच्या घरी त्या रात्री जेवणं थंड झाली.

सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अगदी समोरून गेले, हात पण केला, तरी ओळख दाखवली नाही. माजलेत ना?

मायनस तीन नंबर असून चष्मा खिशात ठेवणारे किती आहेत ते मला माहितीये, त्यांना चार फुटांवरचा चेहरा म्हणजे नुसता पिठाचा गोळा. आणि चष्मा असला तरी लक्ष दुसरीकडे असेल तर समोरचं दिसत नाही. सायमन्स आणि शाब्री या दोघांनी 1999 मध्ये लोकांना एक व्हिडिओ दाखवला, खेळाडू बॉल किती वेळा पास करतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली बाई आली, छाती बडवली, निघून गेली. साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. सराफ्यात रात्री साडेदहाला भुट्ट्याचा किस, गराडू आणि गर्दी एवढं सगळं असताना तुमचा हात राहून गेला असेल. माजलेले पण असतात, नाही असं नाही, पण आधी नंबर विचारा.

दोघांनी एकच प्रसंग बघितला आणि दोघं वेगवेगळं सांगतात. कोणीतरी खोटं बोलतंय ना?

खोटं बोलायची गरजच पडत नाही. 1951 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉलची मॅच झाली, फार धसमुसळी, एकाचं नाक मोडलं, दुसऱ्या टीममधल्या एकाचा पाय. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या मुलांना मॅचची तीच फिल्म दाखवून फाउल मोजायला लावले. डार्टमथच्या पोरांना स्वतःच्या टीमचे जेवढे फाउल दिसले त्याच्या दुपटीपेक्षा जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. फिल्म एकच.

पण हे अमेरिकेतलं कशाला, आपल्याकडे पानिपत आहे. पुण्याहून पाहुणे आले आणि जेवणानंतर विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, तुमचे मल्हारराव तर रणातून निघून गेले हो. इंदुरात हे वाक्य ऐकून घ्यायला फार कोणी तयार नसतं. 14 जानेवारी 1761 ला विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले आणि होळकर आपली फौज घेऊन बाहेर पडले, इथपर्यंत दोन्ही बाजू मान्य करतात. पुढे फाटा फुटतो. पुण्याकडच्या सांगण्यात त्यांनी काढता पाय घेतला, आणि नजीबखानाला आधी त्यांनीच वाचवलं होतं तेही जोडलं जातं. होळकरांच्या बाजूने सांगतात की भाऊंनीच बायकामाणसांना घेऊन निघा असं सांगितलं होतं, आणि लढाई हरल्यावर उरलेली फौज कापून घेण्यात शहाणपण कसलं?

मला यात जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते लढाईच्या आधीचं. मल्हाररावांचं आयुष्य घोड्यावर गेलेलं, त्यांना दिसत होता गनिमी कावा: जड सामान, बाजारबुणगे मागे ठेवा, शत्रूची रसद तोडा, हूल द्या. इब्राहिमखान गारदी तोफखान्याचा माणूस, त्याला दिसत होती गोलाची लढाई, तोफांच्या आधाराने फौज बांधून पुढे सरकायचं. भाऊंनी तोफांचं काम स्वतः बघितलेलं होतं, शिवाय सोबत लढू न शकणारी हजारो माणसं आणि पोटात अन्न नाही. तिघंही आपापल्या अनुभवापुरते बरोबर होते. गोलाच्या लढाईत जागा सोडायची नसते आणि गनिमी काव्यात डाव फसला की निघायचंच असतं, मग मल्हाररावांचं बाहेर पडणं हे पळून जाणं होतं की त्यांच्या पद्धतीच्या लढाईतली नेहमीची चाल? तुम्ही कोणत्या पद्धतीत उभे राहून बघता त्यावर उत्तर बदलतं. माझं स्वतःचं मत होळकरांकडे झुकतं, इंदुरात वाढलेय, त्यामुळे माझ्या मताला थोडी सूट देऊन वाचा.

बीआरटीएस चांगलं होतं की वाईट, एकदाचं सांगून टाका.

बीआरटीएस म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली लेन, एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक साडेअकरा किलोमीटर, 2013 ला सुरू. बसमध्ये बसून गेलात तर बाजूची अडकलेली गाड्यांची रांग दिसायची आणि वाटायचं काय भारी सोय आहे. कारमध्ये अडकलात तर शेजारी रिकामी लेन दिसायची आणि डोकं फिरायचं. 2025 ला हायकोर्टाने काढायला मंजुरी दिली तेव्हा काउंटरवर चष्मा घ्यायला आलेल्यांत पेढे वाटायला निघालेले होते आणि हळहळणारे पण होते, आणि कोण कशाने आलंय ते हेल्मेट, कारची चावी किंवा हातातलं तिकीट बघून आधीच कळायचं.

म्हणजे हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टच ना?

तीच, पण ती गोष्ट मला थोडी खटकते. गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असतो! ऐकणारा पण लगेच त्या डोळस माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि बिचाऱ्या आंधळ्यांना हसतो. भांडताना आपण सगळे तेच करतो, समोरच्याच्या हाताला शेपूट लागलंय हे आपल्याला स्पष्ट दिसतं. आपल्या हातात काय आहे ते बघायला बाहेरचा कोणी नसतो.

बौद्ध ग्रंथांतही ही गोष्ट येते, उदानात, तिथे आपापसात भांडणाऱ्या पंथांना उद्देशून सांगितलेली. जैनांचा अनेकांतवाद याहून शिस्तीचा आहे. कोणतंही विधान करताना "स्यात्", म्हणजे अमुक एका बाजूने बघितलं तर, असं लावून बोलायचं आणि त्या बोलण्याचे सात प्रकार, सप्तभंगी. म्हणजे कुठून बघतोय ते बोलणाऱ्यानेच आधी सांगायचं. इतवारिया बाजारात शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं काच मंदिर बघितलंय ना, भिंती, खांब, छत सगळीकडे काच, तिथे दोघं जण दोन पावलांच्या अंतरावर उभे राहिलात तरी दोघांना आरशातल्या प्रतिबिंबांची वेगवेगळी रांग दिसते. मुद्दाम तसं बांधलं असं मी म्हणत नाही, पण जैन मंदिरात हे दिसावं हे छान आहे.

मग सगळेच आपापल्या जागी बरोबर, चूक कोणीच नाही?

हे मात्र मला पटत नाही. तक्त्यावरची अक्षरं ठरलेली आहेत. हर्मन स्नेलनने 1862 ला तो तक्ता काढला, त्यावर ई आहे तिथे ई च आहे, तुम्हाला एफ दिसला तर तुमची बाजू समजून घेऊन मी लेन्स बदलीन पण तक्ता बदलणार नाही. बायकोवर हात उचलणारा पण "माझी बाजू ऐका" म्हणतो. ऐकावी, का केलं ते समजायला, पोलिसात जायचं थांबवायला नव्हे.

लहान पोरांना दुसऱ्याला वेगळं दिसतं हे कधी कळतं?

साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास. विमर आणि पर्नर यांनी 1983 मध्ये मुलांना बाहुल्यांची गोष्ट दाखवली: मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता मुलगा परत येऊन कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं म्हणतात दुसऱ्या कपाटात, कारण त्यांना स्वतःला माहितीये ना चॉकलेट तिथे आहे. मोठी पोरं म्हणतात पहिल्या. पंचावन्न वर्षांचे काही लोक अजून पहिल्या गटात आहेत, पण तो संशोधनाचा विषय नसून आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा आहे.

बाबा मुद्दाम ऐकत नाहीत. किती ओरडून सांगायचं?

ओरडू नका. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ असले वर्ण त्याच पट्टीत असतात. बाबांना आवाज येतो पण शब्द अर्धे येतात, "साखर संपली" मधली साखर पोचतच नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेले वर्ण तसेच हरवलेले, वर बाबांना वाटतं पोरगा खेकसतोय. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोला, टीव्ही बंद करा आणि कान तपासून घ्या.

डोळ्यांचं पण तसंच आहे. मोतीबिंदूत भिंग पिवळट होतं आणि निळा रंग मंद पडतो, पण हे इतकं हळू होतं की कळत नाही. ऑपरेशननंतर आजी घरी येतात आणि पहिलं वाक्य असतं, "किचनच्या टाइल्स कोणी धुतच नाही का गं?" सून माझ्याकडे येऊन चिडते. टाइल्स वर्षभर तशाच होत्या, आजींना आत्ता दिसल्या एवढंच. सुनेने मनावर घेऊ नये, आणि टाइल्स पुसाव्यात.

स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा असं सगळे सांगतात. उपयोग होतो का?

दया यायला होतो, वाद घालताना आवाज खाली यायला होतो. समोरच्याच्या मनात नेमकं काय आहे ते कळायला होतो का? एयाल, स्टेफेल आणि एप्ली या तिघांनी 2018 मध्ये एक शोधनिबंध छापला, तब्बल 25 प्रयोग. लोकांना सांगायचं समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवा आणि त्याला काय वाटतंय ते ओळखा. कधी फोटोतल्या चेहऱ्यावरून भावना ओळखायच्या, कधी आपल्याच जोडीदाराची आवडनिवड. अंदाज जास्त बरोबर काही आले नाहीत. फरक कशाने पडला, तर समोरच्याला सरळ विचारल्याने.

हे वाचलं तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्याच्या जागी जाताना आपण आपलेच डोळे सोबत घेऊन जातो. मी तुमच्या खुर्चीत येऊन बसले तर मला तक्ता माझ्या नंबरने दिसणार, तुमच्या नाही. तीस वर्षांचा संसार झालेले नवरा-बायको इथे येतात, बायको म्हणते यांना काळी फ्रेमच आवडते, आणि नवऱ्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की तो लाजत लाजत ब्राऊन दाखवतो.

विचारायचं कसं? आमच्याकडे विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं.

प्रश्नात उत्तर भरून दिलंत तर तेच परत मिळतं. "आता जास्त स्वच्छ दिसतंय ना?" असं म्हटलं की दहातले नऊ जण हो म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून. म्हणून आम्ही "पहिलं की दुसरं?" एवढंच विचारतो, सपाट आवाजात. "तू रागावली आहेस ना?" पेक्षा "काल आई बोलली ते तुला कसं वाटलं?" बरं. लॉफ्टस आणि पामर यांचा 1974 चा प्रयोग बघा, अपघाताची फिल्म सगळ्यांना तीच, पण गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर ताशी साधारण 41 मैल, आणि नुसत्या एकमेकींना लागल्या तेव्हा किती असं विचारलं तर 32.

आणि "दोन्ही सारखंच" हे उत्तर चालतं असं आधीच सांगून ठेवा. लोकांना वाटतं ही परीक्षा आहे, काहीतरी निवडलंच पाहिजे, मग घाबरून काहीही सांगतात. घरी पण माणसाला "अजून ठरलं नाही माझं" म्हणायची मोकळीक हवी. मी तोच प्रश्न थोड्या वेळाने क्रम उलटा करून परत विचारते, उत्तर तेच आलं तर पक्कं. सगळ्यात अवघड भाग म्हणजे उत्तर आल्यावर गप्प बसणं. "नाही हो, दुसऱ्यात कसं बरं दिसेल तुम्हाला, पहिलंच बघा" असं म्हटलं की तपासणी संपली, यापुढे तो माणूस तुम्हाला हवं तेच सांगणार.

मी इतक्यांदा सांगितलंय, तरी त्यांना कळत कसं नाही?

लतादीदींचा जन्म इंदूरचा, तर त्यांचंच एखादं गाणं मनात म्हणत टेबलावर बोटांनी वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. एलिझाबेथ न्यूटनने स्टॅनफर्डला 1990 मध्ये हाच प्रयोग केला. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी गाणी तरी ओळखली जातील, 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खा ऑर्केस्ट्रा चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. तुम्ही "जरा बघून घे ना" म्हणालात तेव्हा गॅस, लाईट बिल आणि आत्याकडचं बारसं हे सगळं तुमच्या डोक्यात होतं.

आमचे दादा येत नाहीत, त्यांच्या वतीने मी सांगितलं तर चष्मा होईल का?

नाही होणार. तुम्ही सांगाल "त्यांना लांबचं दिसत नाही", आणि ते आल्यावर कळतं लांबचं उत्तम आहे, रात्री समोरच्या गाडीच्या लाईटने डोळे दिपतात म्हणून गाडी सोडलीये. जमलं तर सकाळी आणा, संध्याकाळी डोळे थकलेले असतात. जुना चष्मा आणा, तुटका असला तरी. शुगरची गोळी चालू असेल तर सांगा, साखर वरखाली असली की नंबर पण वरखाली होतो. तुम्ही सोबत या, बाकावर बसा, चहा घ्या, फक्त मी दादांना विचारत असेन तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका.